सेल्फ लागतो, गाडी उठत नाही: कापसीच्या सोळातेराचं प्रकरण

डिसेंबरातल्या त्या सकाळी फोन आला तेव्हा सहाही वाजले नव्हते. "मिस्त्री, सेल्फ तं मस्त लागून राहिला, पण गाडी उठूनच नाही राहिली. माल भरून आहे जी." माल म्हणजे संत्री. नागपूरच्या कळमना बाजारात रात्री भरलेले क्रेट, रायपूरला जायचे. संत्रं दोन दिवस दम धरतं, व्यापारी दोन तास धरत नाही.

गाडी भंडारा रोडला, पारडीच्या पुढे कापसीत एका गोदामाच्या आवारात उभी होती. माझं गॅरेज तिथून दहा मिनिटांवर. विधिमंडळाचं अधिवेशन चालू असल्याने शहरात जागोजागी बंदोबस्त होता, पण मला शहरात शिरायचंच नव्हतं.

गाडी म्हणजे टाटाचा १६१३ ट्रक, आपल्या बोलीत सोळातेरा. पहिले दोन आकडे साधारण सोळा टन एकूण वजनाचे, पुढचे दोन १३० हॉर्सपॉवरचे. वय पंचविशीच्या पुढे. इंजिन ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. नाव त्यावरूनच पडलंय. ४९७ हे त्याचंच चार सिलिंडरवालं भावंड. टाटांचा डाइमलर-बेंझशी १९५४ ते १९६९ असा करार होता, त्या घराण्यातलं हे इंजिन. डिझेल दाबून देणारा इंजेक्शन पंप सरळ रांगेतला, सहा प्लंजरचा (प्लंजर म्हणजे दाब देणारा दांडा), पूर्ण मेकॅनिकल. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, त्यामुळे स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचायची सोय नाही. कान, डोळे, पाना आणि ड्रायव्हर काय सांगतो ते, एवढंच हाताशी. यातलं शेवटचं मी पहिल्या दिवशी नीट वापरलं नाही, आणि हे प्रकरण लिहून काढायचं कारणही तेच.

तिथे पोचलो तेव्हा ड्रायव्हरकाका चाकापाशी उकिडवे बसून बिडी ओढत होते. शेठ मफलर गुंडाळून फेऱ्या मारत होते. एक जण एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलची चिंधी पेटवून धरायच्या तयारीत होता. त्याला आधी लांब केलं. थंडीत चिंधी दाखवून गाड्या उठवणारे पुष्कळ पाहिले, तसं केल्यावर रिंगा तुटलेले पिस्टनही पाहिले. पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये वेळेआधीच भडकते, आणि तो फटका पिस्टन-कनेक्टिंग रॉडला बसतो. शेजारी डिझेलची टाकी आणि वर संत्र्यांभोवतीचा वाळका पेंढा, हे वेगळंच.

चिंधीवाल्याचं म्हणणं होतं की डिझेल गोठलं. नागपुरात ही समजूत दर थंडीत निघते. आपल्याकडच्या डिझेलला भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत आणि उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहता आलं पाहिजे. त्या पहाटे पारा दहाच्या आसपास होता. हिवाळ्याचं डिझेल दहा अंशांना फिल्टरमध्ये अडत नाही, आणि काकांनी ते त्याच आठवड्यात भरलेलं होतं.

आधी झालेले उपाय

दुखणं तीन आठवड्यांचं होतं. सुरुवातीला एकदोनदा सकाळी हाताने डिझेल ओढायचा हँड पंप मारून गाडी उठली. मग शेठनी दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या. सेल्फ उघडून ब्रश बदलले. डिझेल फिल्टर दोनदा बदलले. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला नवीन किट पडला. शेवटी इंजेक्शन पंप आणि सिलिंडरमध्ये फवारा मारणारे सहाही नोझल उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मापं जुळवायला गेले आणि परत बसले. एकूण खर्च ४० हजारांच्या घरात. प्रत्येक कामानंतर गाडी कधी एक दिवस, कधी चार दिवस बिनतक्रार उठायची. त्यामुळे प्रत्येक मिस्त्रीला वाटायचं की रोग आपल्याच हातून गेला.

मी काहीही खोलायच्या आधी पोराला सायलेन्सरपाशी उभं केलं आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. दहा सेकंद, त्याहून जास्त नाही. सेल्फला मध्ये मिनिटभर विश्रांती दिली नाही तर आर्मेचर तापून नवा खर्च निघतो. "धूर?" "नाही जी, थोडाही नाही."

इथे अर्धं निदान होतं. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये जातंय पण पेटत नाही. मग थंडी, कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा इंजिन सावकाश फिरणं, यांच्यामागे लागावं. काहीच धूर नसेल तर डिझेल आतच जात नाही. पेटण्याचा प्रश्न पुढचा. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की तो पेटतो. हवा तर आहेच, फवारा नाही. म्हणजे बॅटरी, सेल्फ, टॅपेट, हेड गॅस्केट ही सगळी मंडळी संशयितांच्या यादीतून गेली.

तरी मीटर लावला, कारण शेठना आकडा दिसला की धीर येतो. उभ्या गाडीला २५.२ व्होल्ट, सेल्फ मारताना १९.८. चोवीस व्होल्टच्या गाडीला हे चांगलं. इंजिन जोमाने फिरत होतं आणि सहाही दाबांचा आवाज एकसारखा होता, मध्ये कुठे पोकळ फेरा नव्हता.

मग पंपावरचा स्टॉप लिव्हर. या गाडीला इंजिन बंद करायची वायर आहे, ओढली की पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी पट्टी, शून्यावर जातो. वायर गंजून अडकली की लिव्हर बंदच्या जागी राहतो, आणि माणूस तासभर सेल्फ मारत बसतो. मागच्या वर्षी एका टाटा चारशेसातचं पूर्ण प्रकरण एवढंच निघालं होतं. लिव्हर बोटाने मागे ढकलला आणि गाडी चालू. इथे मात्र लिव्हर मोकळा होता, परत येत होता.

राहिलं डिझेल. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू ढिला केला, हँड पंपाची मूठ सोडवली आणि मारायला लागलो. स्क्रूमधून डिझेल आलं नाही, फेस आला. साबणाच्या पाण्यासारखा, बारीक बुडबुड्यांचा, फुसफुसत. चाळीस-पन्नास वेळा मारल्यावर फेस विरळ झाला, मग तडतड करत डिझेल, मग सलग धार. पहिल्या दोन नोझलांचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारला, तिथेही डिझेल उडायला लागलं, नट आवळले. तिसऱ्या सेल्फला गाडी खोकली, करडा-पांढरा धूर टाकला आणि उठली.

(नोझलचा नट ढिला करताना धारेसमोर बोट धरू नये. तिथे दाब एवढा असतो की डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. माझ्याकडच्या पोरांना मी हे पाना द्यायच्या आधी सांगतो.)

तर गाडीने एअर घेतली होती, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती. एवढं रस्त्यावरचा कुठलाही ड्रायव्हर सांगेल. खरा प्रश्न एअर घेतली कुठून. मी फिल्टरच्या डोक्यावर हात फिरवला, नळी जोडणाऱ्या एका पोकळ, बँजो बोल्टखाली ओल लागली. तांब्याचे वॉशर चेपून कडक झाले होते. ते सगळे बदलले, जादा डिझेल टाकीत परत सोडणारा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही तपासला, आणि शेठना सांगून टाकलं की झालं काम. काकांना वर एक सूचना दिली: रायपूरपर्यंत इंजिन बंद करू नका. सूचना दिली याचा अर्थ माझाच माझ्यावर पूर्ण विश्वास नव्हता, पण ते तेव्हा कळलं नाही.

निघता निघता काका म्हणाले, "मिस्त्री, एक सांगू का? पहिल्या सेल्फला ते उठलीच होती. दहा-बारा सेकंद चालली, मंग विझली. मंग काही केल्या नाही." मी "हाव, हाव" म्हणालो आणि हात पुसत बसलो.

तिसऱ्या दिवशी

गाडी रायपूर करून रात्री परत आली. सकाळी पुन्हा तोच फोन. या वेळी गाडी रिकामी होती, त्यामुळे शेठचा आवाज खाली होता, पण शब्द जास्त बोचणारे होते.

मी जाऊन पुन्हा हँड पंप मारला, पुन्हा फेस. नवे वॉशर कोरडे ठणठणीत. आता मात्र काहीही बदलायला हात लावला नाही. काकांना चहाच्या टपरीवर बसवलं आणि म्हटलं, परवा जे सांगत होते ते पुन्हा सांगा.

दहा-बारा सेकंद चालून विझते. याचा अर्थ समजायला पंपाची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते. टाकीतून डिझेल ओढतो फीड पंप; तो इंजेक्शन पंपाच्याच अंगावर बसलेला, त्याच्याच कॅमवर चालणारा. तिथून फिल्टर, फिल्टरमधून पंपाची गॅलरी (पंपाच्या आतली डिझेलची पोकळी), गॅलरीतून प्लंजर, नोझल. फीड पंपाच्या पुढच्या भागात हवा शिरली असती, तर रात्रीतून गॅलरी आणि फिल्टर रिकामे होऊन सकाळी गाडी पहिल्यापासूनच हूं की चूं करत नसती. पण गाडी आधी उठते. म्हणजे फिल्टर आणि गॅलरी सकाळी भरलेले असतात, तेवढ्या डिझेलवर ती दहा सेकंद चालते, आणि मग मागून डिझेलऐवजी हवेचा गोळा येतो. हवा फीड पंपाच्या मागे आहे, टाकीच्या बाजूला. नव्या किटचे व्हॉल्व्ह पुढचं डिझेल धरून ठेवतात, मागची नळी मात्र रात्रभरात टाकीत उतरते.

हे काकांनी मला परवाच सांगितलं होतं. तांब्याचे वॉशर होते फीड पंपाच्या पुढे.

हवेचा गोळा एकदा प्लंजरपर्यंत पोचला की खेळ संपला. प्लंजर एका वेळी एका नोझलला जेमतेम थेंब-दोन थेंब डिझेल देतो आणि नोझल उघडायला चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, त्यामुळे जोर लगेच पलीकडे पोचतो. मध्ये बुडबुडा आला की प्लंजरचा सगळा जोर तो बुडबुडा चेपण्यात जातो, प्लंजर खाली आला की बुडबुडा पुन्हा फुगतो. नोझलला कळतही नाही की पंप काम करतोय.

आणि दाबाच्या बाजूची गळती ओली दिसते, ओढायच्या बाजूची दिसत नाही. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जागा कोरडी राहते. तीन आठवडे सगळे ओल शोधत होते, मीही.

पारदर्शक नळी आणि दहा लिटरचा कॅन

गॅरेजवरून पारदर्शक प्लास्टिकची दीड मीटर नळी आणली आणि टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाला जिथे लागतो तिथे मध्ये बसवली, दोन्ही टोकांना क्लिपा. गाडी उठवली. नळीत बारीक बुडबुड्यांची माळ, एकामागे एक, मोहरीच्या दाण्याएवढे. रेस वाढवली की माळ लांबायची. शेठनी स्वतः वाकून पाहिलं आणि पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

शेठच्या मनात प्रश्न आला तो बरोबर होता: एवढी हवा जातेय तर गाडी चालते कशी? चालत्या इंजिनात फीड पंप गरजेपेक्षा पुष्कळ जास्त डिझेल ओढतो, जादाचं ओव्हरफ्लोमधून टाकीत परत जातं, आणि बुडबुडे त्याच्यासोबत निघून जातात. इंजिन मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर असेल तर पंप तीनशेने फिरतो. सेल्फवर इंजिन दीडशेच्या आसपास, म्हणजे पंप पंच्याहत्तर. एवढ्यात फीड पंप हवा बाहेर टाकू शकत नाही. म्हणून एकदा उठलेली गाडी रायपूर गाठते आणि झोपलेली गाडी कापसीत अडते. काकांना आठवलं की छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीच्या घाटात तिने दोनदा झटके मारले होते. त्यांना वाटलं होतं टर्बो गेला.

मग टाकीला या वाटेतून पूर्ण वगळलं. दहा लिटरचा कॅन भरून फीड पंपाची नळी त्यात सोडली, ओव्हरफ्लोची परतीची नळीही त्याच कॅनमध्ये; नाहीतर कॅन पंधरा मिनिटांत टाकीत रिकामा होतो आणि आपण पुन्हा सेल्फ मारत बसतो. कॅन जमिनीवर ठेवला, टाकीपेक्षा खाली. बरेच जण तो केबिनच्या पायरीवर किंवा बॉनेटवर ठेवतात. तसं केलं की डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येतं, फीड पंपाला ओढायची गरज उरत नाही आणि खराब जोडही चांगला दिसतो. परीक्षा घ्यायची तर अवघडच घ्यावी.

बुडबुडे बंद. नळी चहासारखी स्वच्छ. गाडी तशीच रात्रभर ठेवली, कॅनला गोणपाट गुंडाळून. सकाळी साडेपाचला मीच गेलो. थंडी आदल्या दिवसाहून जास्त होती. अर्ध्या सेल्फला उठली आणि चालत राहिली. पंप, नोझल, फीड पंप, फिल्टर, सगळे सुटले. दोष टाकी ते फीड पंप यांच्यात.

तो पाइप चेसिसच्या कडेने जातो, दोन ठिकाणी रबरी तुकडे आहेत. रबर कडक होऊन आतून भेगाळतं हा नेहमीचा आरोपी, म्हणून टाकीच्या तोंडापासून फीड पंपापर्यंत नवीन नळी उघड्यावरूनच टाकली. जुना पाइप पूर्ण बाद. बुडबुड्यांची माळ पुन्हा हजर.

राहिली टाकी. झाकण काढून ठेवलं, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी टाकीत ओढ तयार होते. काही फरक नाही.

चिठ्ठ्या

इथे मी पुन्हा काकांकडे वळलो. "रायपूरला सकाळी कशी उठली?" "एका सेल्फला." "तिथे थंडी नव्हती?" "होती ना जी, इथच्यापेक्षा जास्तच." "मग तिथे वेगळं काय होतं?" काकांनी थोडा विचार केला. "काहीच नाही. रात्री डिझेल भरलं, झोपलो."

"किती भरलं?"

काकांच्या खिशात रबरबँड लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. शेठला हिशेब द्यायचा असतो. गाडीचा डिझेलचा काटा कधीचा मेलेला, त्यामुळे काका टाकीत काठी घालून मापतात आणि तो आकडाही चिठ्ठीमागे लिहितात. टपरीच्या बाकड्यावर गठ्ठा पसरला. ज्या सकाळी गाडी अडली त्या सहा सकाळी काकांना नीट आठवत होत्या, ड्रायव्हर असे दिवस विसरत नाही. सहाही वेळी टाकी अर्ध्याच्या खाली होती. ज्या सकाळी एका सेल्फला उठली, त्या प्रत्येक वेळी आदल्या रात्री डिझेल भरलेलं. बॅटऱ्या टाकल्या त्या दिवशी संध्याकाळी ९० लिटर. फिल्टर बदलले त्या दिवशी ८०. पंप परत बसला त्या दिवशी शेठनी खुशीत टाकी पूर्ण भरून दिली होती, आणि तेव्हाच ती चार दिवस नीट उठली.

"आधी कशी नाही कधी अडली?"

याचं उत्तर शेठनी दिलं, जरा नाखुशीने. महिन्याभरापूर्वी रात्री गोदामाच्या बाहेर गाडी उभी असताना कोणीतरी टाकीतून डिझेल काढून नेलं होतं. तोवर टाकी नेहमी पूर्ण भरलेली असायची. त्यानंतर शेठचा हुकूम: ट्रिपला लागेल तेवढंच भरायचं, रात्री गाडीत डिझेल ठेवायचं नाही. साडेचारच्या ॲव्हरेजने रायपूरचे सुमारे २९० किलोमीटर म्हणजे एका बाजूला ६५ लिटरच्या आसपास. तेवढं येतं-जातं, टाकी वर कधी जातच नाही. हुकूम आणि दुखणं एका आठवड्यात सुरू झालं होतं. दोन्हींचा संबंध कोणी लावला नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

मग साधा प्रयोग. गाडी चालू, पारदर्शक नळीत बुडबुडे. दुसऱ्या गाडीच्या टाकीतून कॅनने डिझेल आणून ओतायला लागलो. पोरगा नळीवर नजर ठेवून. दोन कॅन गेले, माळ तशीच. तिसरा अर्ध्यावर आला आणि पोरगा ओरडला, "थांबा, थांबा! बंद झाली!" काठी घातली. तळापासून २६ सेंटिमीटर.

टाकीतून डिझेल ओढणारी नळी वरच्या फ्लँजमधून आत उतरते आणि तळाच्या जरा वर जाळीशी संपते. चार बोल्ट काढून ती वर ओढली. काळपट, चिकट, आणि मधोमध एक जाड गाठ: कधीतरी तुटलेली नळी कोणीतरी पितळ भरून जोडली होती. गाठ खालच्या टोकापासून पावणेसव्वीस. डिझेलने पुसून उजेडात धरली, काही दिसलं नाही. पोराने खालचं टोक अंगठ्याने दाबलं, नळी बादलीतल्या पाण्यात बुडवली आणि वरून फुंकली. पितळ आणि लोखंड जिथे भेटतात त्या कडेने बुडबुड्यांची एक रेघ उठली. सुईने उकरून पाहिलं तर पितळ तिथे लोखंडाला धरलेलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं. केसाएवढी फट.

डिझेल त्या फटीच्या वर असलं की नळी फटीतून डिझेलच ओढायची, काही बिघडत नव्हतं. डिझेल खाली गेलं की ती हवा ओढायची, आणि इंजिन बंद झाल्यावर त्याच फटीतून हवा शिरून नळीतलं डिझेल टाकीत उतरायचं.

काम

जुनी गाठ पुन्हा भरायची नाही असं ठरवलं. त्याच मापाची अखंड स्टीलची नळी आणून फ्लँजला नवीन ब्रेझिंग, म्हणजे पितळ भरून जोड, करून घेतलं, गॅरेजमध्ये, टाकीपासून लांब. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून टाकीवरच वेल्डिंग करू पाहणारे भेटतात. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, हे त्यांना सांगून पटत नाही. टाकी उतरवलीच होती म्हणून धुऊन घेतली. तळातून मूठभर गाळ निघाला आणि थोडं पाणी. रबरी तुकडे दोष नसतानाही बदलले, वयाचा मान म्हणून. नळी, ब्रेझिंग, रबर, क्लिपा, गॅस्केट मिळून सामान दीड हजाराच्या आत. माझी मजुरी मी पहिल्या दिवसाची धरली नाही. त्या दिवशी मी वॉशर विकले होते.

शेवटची परीक्षा टाकी २५ लिटरवर आणून घेतली. गोदामाच्या उतारावर गाडी तोंड वर करून रात्रभर उभी केली, म्हणजे मागच्या नळीला उतरून जायची पूर्ण संधी. पारदर्शक नळी तशीच ठेवली होती. सकाळी नळी काठोकाठ भरलेली, एकही बुडबुडा नाही. काकांनी एक सेल्फ मारला. गाडी उठली, आणि काका दोन मिनिटं खाली उतरलेच नाहीत, स्टिअरिंगवर हात ठेवून विझायची वाट पाहत बसले.

शेठनी विचारलं की पंप कॅलिब्रेशनचे पैसे परत मागता येतील का. मी म्हटलं, त्यांनी काम तर केलं, आणि पंप खरंच चांगला बसलाय; गाडी न्यायचीच होती तर नेणाऱ्याने आधी धूर पाहायचा होता. शेठ म्हणाले, नेणारे ते स्वतःच. मग दोघांनी चहा घेतला.

डिझेलचा काटा दुरुस्त करून देतो असंही मी सुचवलं, टाकी उघडीच होती, फ्लोट बदलायला अर्धा तास लागला असता. शेठनी काकांच्या काठीकडे बोट दाखवलं. "ते आहे ना. कायले खर्च?"